एक वर्षाची शांतता

"पोलिसांत होतात म्हणजे चोरबीर पकडायचात की काय?" असं मला अजून विचारलं जातं. बिबवेवाडीत आमच्या सोसायटीच्या फाटकाशी भाजीची गाडी येते, तिथे नवीन बिऱ्हाडातली एखादी मुलगी हमखास विचारते. मी सांगते, "नाही गं. मी शेजारी पकडायचे." ती आधी हसते आणि मग मेथीची जुडी घेऊन जरा लांब उभी राहते.

थट्टा सोडा, पण काम तेच होतं. खाकी मी कधी घातली नाही. मी लिपिक. एका सहायक पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात एकोणीस वर्षं चॅप्टरचं टेबल सांभाळलं. कार्यालय कुठल्या विभागाचं ते विचारू नका, आणि विचारलंत तरी मी सांगणार नाही.

चॅप्टर म्हणजे काय ते आधी सांगते, कारण ज्यांच्यावर ती वेळ आलेली नाही त्यांना हा शब्द पुस्तकातल्या धड्यासारखा वाटतो. दोन शेजारी भांडले, शिव्यागाळी झाली, एकाने दुसऱ्याला ढकललं. गुन्हा म्हणावा एवढं मोठं काही नाही, पण पोलिसांना वाटतं, हे असंच चाललं तर उद्या डोकी फुटतील. मग ते आमच्या साहेबांकडे प्रस्ताव पाठवतात. साहेब पोलीस अधिकारी असले तरी या कामापुरते दंडाधिकारी. ते दोघांना बोलावतात आणि दोघांकडूनही लिहून घेतात, की मी अमुक तमुक, आजपासून एक वर्षाच्या मुदतीत शांततेचा भंग करणार नाही, किंवा ज्यामुळे शांततेचा भंग होण्याचा संभव आहे असं कोणतंही कृत्य करणार नाही. केलं तर ठरलेली रक्कम सरकारजमा. हा झाला बॉण्ड. जुन्या कायद्यात हे सगळं आठव्या प्रकरणात होतं, म्हणून चॅप्टर. आता कायदा नवा आला, कलमाचा आकडा बदलला, पण नाव तेच राहिलं. भांडणं तर काय, तीच.

यात शिक्षा नसते. कुणी गुन्हेगार ठरत नाही. पण हे नारायण पेठेतल्या सत्तरीच्या माणसाला पटवून देणं फार अवघड. जन्मात ज्याने ट्रॅफिकची पावती फाडलेली नाही, त्याच्या हातात नोटीस पडते आणि वर नाव असतं, 'सामनेवाला क्रमांक एक'. आमच्या कागदांत बॉण्ड देणाऱ्याला सामनेवाला म्हणतात. भांडण दोघांचं असलं तर दोघेही सामनेवाले. कोण बरोबर, कोण चूक हे आम्ही बघतच नसू. बघायला वेळही नसे. गणपतीच्या आधी तर फायलींनी माझं टेबल दिसत नसे.

गमतीही खूप झाल्या. एक प्रकरण पोपटाचं होतं. एका घरच्या पोपटाने शेजारच्या गृहस्थांना रोज सकाळी कामावर निघताना "ए टकल्या" म्हणायचं, हा त्याचा दिनक्रम. गृहस्थ साहेबांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, शब्दाचं मला काही नाही. टक्कल आहे ते आहे. पण तो पोपट यांच्या बायकोच्या आवाजात बोलतो." साहेबांना हसू आवरेना, त्यांनी फायलीत तोंड घातलं. शेवटी पोपटवाल्यांनी बॉण्ड दिला आणि पिंजरा मागच्या गॅलरीत नेला. सहा-सात महिन्यांनी ते टकलू गृहस्थ दुसऱ्याच कुठल्या कामासाठी आले होते. जाता जाता माझ्या टेबलाशी थांबून म्हणाले, "मॅडम, तो पोपट उडून गेला हो. सकाळी फार सुनं वाटतं." मी तेव्हा हसले होते. आता नाही हसू येत.

एकदा अमरावतीकडचा एक आयटीतला मुलगा आला होता. याच्या खुर्चीची चाकं खालच्या काकांच्या डोक्यावर फिरतात, ही तक्रार. त्याने बॉण्ड दोनदा वाचला आणि विचारलं, "मॅम, हा ऑटो-रिन्यू तर नाही होत ना?" मी म्हटलं, "नाही बाळा, भांडण होतं ऑटो-रिन्यू." असं चटकन बोलता येणं हा माझा लौकिक होता. लोक माझ्या टेबलाशी हसून जात, आणि मला त्याचा अभिमान होता. तो नसता तर बरं झालं असतं, असं पुढे वाटलं.

आमच्याकडे परचुरे नावाचे एक वृद्ध वकील येत. पक्षकार यायचा असला की माझ्या समोरच्या स्टुलावर बसत आणि वाचलेलं काही ना काही सांगत. एकदा म्हणाले, "तुमचं हे खातं काही नवीन नाही बरं का. स्कॉटलंडात फार जुन्या काळापासून असाच कायदा होता. शेजाऱ्याची भीती वाटली तर कोर्टात जायचं. मग त्या शेजाऱ्याने जामीन देऊन लिहून द्यायचं, की मी याला, याच्या बायकापोरांना, कुळांना, गडीमाणसांना काही इजा करणार नाही."

मी म्हटलं, "मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय?"

"फरक आहे ना. तिकडे मागणाऱ्याला आधी शपथ घ्यावी लागे. मला या माणसाचं खरोखरच भय वाटतं, अशी. आपल्याकडे हा प्रश्न कुणाला विचारतात का? पोलिसांना भय वाटलं की झालं."

मी ते ऐकलं आणि विसरले. आठवलं ते दातारबाईंच्या वेळी, पण तेव्हा उशीर झाला होता. आज जे सांगायला बसले आहे ते दातारबाईंचंच आहे. बाकीचं सगळं, खरं सांगायचं तर, तिथपर्यंत पोचायचं धाडस गोळा करण्यासाठी होतं.

दातारबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. मराठी शिकवायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. नारायण पेठेत एका तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. त्याच मजल्यावर दाराला दार लागून शिरोळे. ते बुकबाइंडर. आयुष्यभर वह्या, ग्रंथ, पोथ्या बांधल्या. दुकान बंद झालं तरी घरी थोडंफार काम चालू होतं. बायको गेलेली, मुलगा नाशिकला. दोघांच्या घरांमध्ये एक सामाईक भिंत. पहिल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या जागा बंद, तळाला रबरी शिक्क्यांचं दुकान. म्हणजे त्या इमारतीत दिवसरात्र राहणारी माणसं दोनच, आणि ती तीस वर्षांची शेजारी.

भांडण झालं कुंडीवरून. बाईंची कढीलिंबाची कुंडी जिन्याच्या कठड्यावरून खाली पडून फुटली. शिरोळे त्या कुंडीबद्दल आधी कुरकुरले होते, की एक दिवस कुणाच्या तरी टाळक्यात पडेल. बाईंना वाटलं, यांनीच ढकलली. शब्दाला शब्द वाढला, बाईंनी छत्रीचा दांडा त्यांच्या दंडावर मारला, त्यांनी बाईंचं पायपुसणं जिन्यातून खाली भिरकावलं. दोघेही चौकीत गेले आणि दोघांनीही तक्रार लिहून दिली. सणासुदीचे दिवस, चौकीने दोघांचाही प्रस्ताव करून आमच्याकडे धाडला.

श्रावणातली ती दुपार मला स्पष्ट आठवते. बाई इस्त्रीची सुती साडी नेसून आल्या होत्या. शिरोळे पांढरा सदरा घालून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. मी फॉर्म भरायला घेतला. त्यात एक रकाना असतो, सामनेवाल्याला ओळखणारी, जवळ राहणारी व्यक्ती.

"नाव सांगा," मी म्हटलं.

"दत्तात्रय वामन शिरो..." एवढं बोलून बाई थांबल्या. ओठ घट्ट मिटले. गेली तीस वर्षं गॅसचं कार्ड असो, बँक असो, दवाखाना असो, त्या रकान्यात त्या हेच नाव लिहीत आल्या होत्या. जिभेवर तेच आलं. पलीकडे शिरोळे खिडकीबाहेर बघत होते. त्यांनाही दुसरं नाव सुचलं नाही. शेवटी साहेबांनी जामिनाची अट काढून टाकली आणि दोघांकडून नुसता जातमुचलका घेतला, म्हणजे स्वतःची स्वतःच हमी.

सह्या झाल्यावर मी नेहमीचं वाक्य म्हटलं. हे वाक्य मला आमच्या जुन्या हेडक्लार्कनी शिकवलं होतं. ते म्हणत, लोकांना कायद्याची भाषा कळत नाही, त्यांना सोपं करून सांगावं. म्हणून मी तोवर प्रत्येक जोडीला सांगत आले होते: "आता वर्षभर एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांच्या दाराशी जायचं नाही. गेलात तर बॉण्ड जप्त." त्याने टेबलावरची गर्दी कमी होई, पुन्हा भांडण घेऊन येणारेही कमी होत. सोपं आणि सोयीचं.

बाईंनी चष्मा लावून कागद पुन्हा वाचला. "यात 'बोलू नये' असं कुठे लिहिलंय?"

त्यांच्यामागे अकरा जोड्या उभ्या होत्या. मी म्हटलं, "अहो बाई, शांतता राखायची म्हणजे तेच ना! वर्गात तुम्ही मुलांना 'शांतता राखा' म्हणायचात, तेव्हा काय अपेक्षा असायची?"

रांगेतले लोक हसले. बाई हसल्या नाहीत. थोडा विचार करून म्हणाल्या, "बोलू नये, ही." कागदाची घडी घातली आणि गेल्या. शिरोळ्यांनी आपली प्रत घडी न करता, वहीत सपाट ठेवून नेली.

गौरी आल्या तेव्हा बाईंचा फोन आला. "दातार बोलतेय. एक विचारायचं होतं. गौरीच्या जेवणातलं ताट शेजारी दिलं, तर शांततेचा भंग होतो का?"

मी फोनवर हात ठेवून शेजारच्या टेबलाला तो प्रश्न सांगितला. आम्ही दोघी खूप हसलो. मग मी फोनमध्ये म्हटलं, "कशाला उगाच भानगड? आता एक वर्ष जाऊ द्या की."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यानंतर पाच-सहा महिने त्यांचं काहीच कानावर आलं नाही. आमच्या हिशेबी हे उत्तम प्रकरण. फाइल शांत, पक्षकार शांत.

माघातली एक सकाळ होती. कुठल्यातरी मोठ्या पाहुण्यांचा बंदोबस्त होता, साहेब बाहेर होते आणि त्यांच्या तारखेला आलेले तीसएक लोक माझा जीव खात होते. साडेदहाच्या सुमारास दातारबाई दारात दिसल्या. प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली बॉण्डची प्रत छातीशी धरली होती.

"बाई, एकच विचारायचंय."

"सगळ्यांनाच एकच विचारायचं असतं हो," मी म्हटलं. "बसा. नंबर आला की बोलावते."

त्या बसल्या. शिक्षिका होत्या, नंबर म्हणजे नंबर. मध्ये दोनदा माझी नजर त्यांच्याकडे गेली. त्या ताठ बसून होत्या, पाकीट मांडीवर. एकदा उठून दोन पावलं पुढे आल्या होत्या. मी मान वर न करता हातानेच 'थांबा' म्हणून खूण केली. माझा डबा खाऊन झाल्यावर, अडीचच्या पुढे, त्यांचा नंबर आला.

"हं, बोला."

"शिरोळ्यांचं दार वाजवलं तर चालेल का?"

"आता कशाला? सगळं व्यवस्थित चाललंय ना?"

"त्यांची ठोकणी ऐकू येत नाहीये. काल सकाळपासून."

मला कळेना. त्यांनी वर्गात समजावतात तसं समजावलं. शिरोळे पुस्तकाचा पुठ्ठा लाकडी हातोडीने ठोकत. रोज सकाळी साडेसातला सुरू. बोलणं बंद झाल्यापासून बाईंचं घड्याळ तेच होतं. भिंतीपलीकडे ठोकणी सुरू झाली की त्या चहा टाकत. काल ती वाजली नाही. वाटलं, गेले असतील मुलाकडे. पण चपला दाराबाहेरच होत्या. आज सकाळी पुन्हा नाही. खालच्या शिक्केवाल्याला त्यांनी सांगितलं, जरा वर जाऊन दार वाजव. तो म्हणाला, "नको आजी, तुमच्या दोघांच्या भानगडीत माझ्यावर पण चॅप्टर लागेल."

"म्हणून इथे आले," बाई म्हणाल्या. "परवानगी घ्यायला."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग चौकीला फोन लावला. बाईंना तिथेच बसवून ठेवलं, का ते माहीत नाही. पाऊण तासाने ओळखीच्या हवालदाराचा फोन आला. "मॅडम, दार तोडावं लागलं. न्हाणीत पडलेत. गेलेत. पण फार वेळ झाला नसावा."

फार म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. कधीच विचारलं नाही. पुढे डॉक्टरांचा कागद फाइलला लागायला आला, तोही मी उलटा करून टाचला. साडेदहा ते अडीच म्हणजे चार तास होतात, एवढं मला न वाचता कळत होतं.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत. पाकिटातला बॉण्ड बाहेर काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "मी मुदत मोडलेली नाही." एवढंच.

त्यांना रिक्षात बसवून द्यायला मी खाली गेले. रिक्षा सुरू व्हायच्या आधी मला परचुरे वकिलांनी सांगितलेली ती शपथ आठवली आणि मी विचारून बसले, "बाई, तुम्हाला शिरोळ्यांचं कधी भय वाटलं होतं का हो?"

"शिरोळ्यांचं?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी प्रश्नच चुकीचा वाचलाय. "त्यांचा राग यायचा. भय वाटायचं ते तुमच्या कागदाचं."

शिरोळ्यांच्या फायलीवर मी शेरा मारला, सामनेवाले मयत, प्रकरण दप्तरी दाखल. पंधरा दिवसांनी त्यांचा मुलगा नाशिकहून घर आवरायला आला, तो माझ्याकडेही आला. भला माणूस. हातात लाल कापडी बांधणीची एक पातळ वही होती. "यात तुमच्या ऑफिसचा शिक्का आहे. सरकारी असेल तर परत करायला आणलं."

उघडून बघितलं तर पहिलं पान म्हणजे आमचा बॉण्ड. शिरोळ्यांनी तो बाइंड केला होता. पुठ्ठा, कापड, कोपऱ्यांना चामडं, शिवण इतकी सुबक की त्या वहीला हात लावतानाही भीती वाटावी. बॉण्डच्या मागे त्यांनी दहाबारा कोरी पानं बांधली होती आणि त्यांतल्या पहिल्या पानावर शाईने लिहिलं होतं, 'मुदत संपल्यावर शेजारी सांगायच्या गोष्टी'. खाली एकेक ओळ. मी सगळं वाचलं नाही. वाचवेना. मुलाला म्हटलं, "राहू द्या माझ्याकडे, ज्यांचं आहे त्यांना देते." पण दुसऱ्या दिवशी दिली नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. वही माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहिली. बाईंपुढे जायची मला हिंमत नव्हती. चौकशी लागली तर, पेन्शन अडकली तर, असेही विचार मनात येत. हे लिहिताना लाज वाटते, पण येत होते.

पुढच्या श्रावणात, बरोबर मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, बाई स्वतःच आल्या. मी या खेपेला उठून उभी राहिले आणि त्यांना माझ्याजवळ खुर्ची दिली.

"काल वर्ष झालं," त्या म्हणाल्या. "आता बोललं तर चालतं ना?"

"चालतं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? त्या कुणाशी बोलणार आहेत, हे विचारायचं धाडस झालं नाही. ड्रॉवर उघडून लाल वही त्यांच्या हातात दिली.

त्यांनी आधी बांधणीवरून हात फिरवला. मग पानं उलटून तो मथळा वाचला आणि चष्मा पुसला. आणि मग, माझ्यासमोर, भर ऑफिसात, त्या एकेक ओळ मोठ्याने वाचून तिला उत्तर देऊ लागल्या. हलक्या आवाजात, पण स्पष्ट.

"'गुरुवारी पाणी येणार नव्हतं. यांच्याकडे पिंप भरलेलं नसणार.' भरलेलं होतं हो. शिक्केवाल्याने सांगितलं होतं मला."

"'गॅसच्या नळीचा वास येतो. बदलायला सांगणे.' बदलली. दिवाळीतच बदलली."

"'पेपरवाला यांचा पेपर खालीच टाकून जातो. मी आणून कडीला लावतो. यांना वाटतं तो सुधारला.'" इथे त्या थांबल्या. "तरीच. माघापासून परत खाली पडतोय."

कुणीतरी पंखा बारीक केला. बाईंनी पान उलटलं.

"'गौरीला ताट आलं नाही. बॉण्डमुळे असेल.' बॉण्डमुळेच. वाढून ठेवलं होतं."

मग शेवटची ओळ आली. ती त्यांनी आधी मनात वाचली.

"'कुंडी मी पाडली नाही. मांजर असेल.'"

मग वही मिटून मांडीवर घेतली. आता त्या वहीशी बोलत नव्हत्या, माझ्याशी बोलत होत्या.

"मला ते त्याच संध्याकाळी कळलं होतं. कठड्यावर मातीचे पंजे उमटलेले. जाऊन सांगायला हवं होतं, पण दोन दिवस गेले मनाची तयारी करण्यात. माणसाचा स्वभाव तुम्हाला माहितीये. मग एकदम ती नोटीस आली हातात, सामनेवाली म्हणून. राग आला. म्हटलं, आधी हे संपू दे. आणि इथे आले तर तुम्ही म्हणालात, वर्षभर बोलायचं नाही. म्हटलं ठीक आहे, वर्ष झाल्यावर सांगू. वर्ष म्हणजे काय असं मोठंसं."

त्यांनी मला दोष दिला नाही. मला 'बरंय' म्हणाल्या, वही पिशवीत घातली आणि सावकाश जिना उतरून गेल्या. मी खिडकीतून बघत होते. तेव्हाच धावत जाऊन एक वाक्य सांगायचं होतं. नाही गेले. त्याऐवजी त्यांची फाइल ओढली आणि नियमाप्रमाणे अखेरचा शेरा लिहिला, मुदतीत शांततेचा भंग झाल्याचे आढळून आले नाही. खाली सही केली, तारीख घातली. सरकारी कागदावर इतकं खरं मी क्वचितच लिहिलं असेल.

त्या दिवसानंतर निवृत्त होईपर्यंत ते सोपं करून सांगायचं वाक्य माझ्या तोंडून पुन्हा निघालं नाही. टेबलावरची गर्दी वाढली, साहेब चिडले, मी सोसलं. प्रत्येक जोडीला म्हणायचे, भांडू नका, पण बोला, दार वाजवा. लोकांना वाटे, बाई म्हातारपणी जरा भावुक झाल्यात.

दातारबाई अजून नारायण पेठेतच राहतात, असं ऐकते. दिवाळी अंक वाचणाऱ्यातल्या आहेत. संपादकांनी लिहाल का विचारलं, तेव्हा मी नाही म्हणणार होते. मग वाटलं, हा अंक कदाचित त्यांच्या हातात पडेल. जे समोर सांगता आलं नाही, ते निदान इथे सांगावं.

बाई, त्या दिवशी चष्मा लावून तुम्ही मला एक प्रश्न विचारला होतात, यात 'बोलू नये' असं कुठे लिहिलंय. रांगेत लोक होते, मला घाई होती, आणि मी तुमच्यावर विनोद केला. त्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला देणं राहिलंय.

कुठेच लिहिलेलं नव्हतं.